मदत हवी आहे : ग्रँटचेस्टरमध्ये ‘चेस्टर’ आलं कुठून?

नमस्कार मंडळी,

मुलगी केंब्रिजला शिकते. जूनमध्ये तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा नदीकाठच्या कुरणांतून चालत शेजारच्या ग्रँटचेस्टर गावी गेलो. पाऊण-एक तासाची पायवाट, मध्येच गायी ठाण मांडून बसलेल्या. चालता चालता मी बापाच्या अधिकारात सांगून टाकलं, “चेस्टर म्हणजे रोमन ठाणं. मँचेस्टर, विंचेस्टर, तसंच हे.” पोरगी गप्प बसली. संध्याकाळी लायब्ररीतून तिने एका पानाचा फोटो पाठवला. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली गावं-जमिनींची मोजदाद) गावाचं नाव आहे ग्रँटेसेटे. चेस्टरचा पत्ताच नाही!

मग वाचत बसलो. ‘सेटे’ म्हणजे वस्ती करून राहिलेले लोक. सॉमरसेट, डॉर्सेटमधलं ‘सेट’ तेच. म्हणजे हे ग्रँटा नदीकाठचे रहिवासी. खरं ‘चेस्टर’वालं गाव, जुन्या रूपात ग्रँटाकॅस्टर, वेगळंच निघालं. आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्रज साधू-इतिहासकाराने लिहिलंय की जवळच्या ईली गावच्या मठातले लोक संत एथेलथ्रिथसाठी शवपेटीचा दगड शोधत एका ओसाड नगरीत गेले आणि तिथल्या तटाशी त्यांना पांढऱ्या संगमरवराची तयार पेटीच सापडली. ती नगरी म्हणजे आजचं केंब्रिज.

केंब्रिजचीही गंमतच. डूम्सडेत ते ग्रेंटेब्रिज, तीनशे वर्षांनी कवी चॉसरकडे कँटेब्रिज. पुढे केंब्रिज झालं आणि त्यावरून ग्रँटा नदीलाच कॅम म्हणू लागले. नातवावरून आजोबांचं नाव ठेवल्यासारखं!

अडलंय ते एवढंच : सेटेचं चेस्टर झालं कसं? उच्चार घसरला, की कुणी माझ्यासारख्याच शहाण्याने ‘रोमन असणार’ म्हणून सुधारलं? मधल्या काळातली स्पेलिंगं कुठे मिळतील?

प्रतिसाद : दोन्ही थोडं थोडं. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लेखनिकांच्या हाताखाली ‘चेस्टर’चं बऱ्याचदा ‘सेस्टर’ होई. ग्लॉस्टर, वूस्टरची स्पेलिंगं बघा. मग ‘सेटे’ आणि ‘सेस्टर’ कानाला जवळचे, आणि अनोळखी शेपूट गळून ओळखीचं चिकटलं. रीनी यांचा केंब्रिजशायरच्या स्थलनामांवरचा १९४३ चा खंड काढा. त्यात प्रत्येक गावाखाली जुनी रूपं सनांसकट दिलेली आहेत.

धागाकर्ता : मनापासून आभार! खंड शोधायला मुलीलाच सांगतो. नदीपलीकडे ट्रम्पिंग्टन आहे, त्या नावाबद्दल मात्र मी अजून तोंड उघडलेलं नाही.