मदत हवी आहे: एनएफसी अँटेनाच्या फेराइटमधील चुंबकीय हानी कशी कमी करावी?

१३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एनएफसी (अगदी जवळून बिनतारी संपर्क साधणाऱ्या) अँटेनाचे क्षेत्र मागच्या धातूच्या आवरणात वाया जाऊ नये, यासाठी आम्ही निकेल-झिंक फेराइटची (लोह ऑक्साइडवर आधारित चुंबकीय सिरॅमिकची) पातळ चकती बनवत आहोत. पारगम्यतेचा (पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती वाट देतो, त्या मापाचा) वास्तव भाग पुरेसा आहे. अडचण आहे ती काल्पनिक भागाची, कारण हानी तोच ठरवतो आणि अँटेनाचा क्यू (गुणवत्ता गुणांक; हानी कमी, तितका तो जास्त) खाली ओढतो.

झिंक कमी करून निकेल वाढवले, तर स्नूकच्या मर्यादेनुसार (पारगम्यता जितकी जास्त, तितकी अनुनादाची वारंवारता कमी) अनुनाद वरच्या वारंवारतेकडे सरकतो, पण पारगम्यता घटते. म्हणून कोबाल्टची अल्प मात्रा घालून डोमेन भिंती (वेगवेगळ्या दिशांना चुंबकित भागांमधील सीमा) जखडून ठेवण्याचा मार्ग मला अधिक पटतो. मात्र असे फेराइट एकदा तीव्र चुंबकीय क्षेत्रात सापडले, की वाढलेली हानी आपोआप उतरत नाही, आणि आमच्या उपकरणाच्या झाकणात नेमके चुंबक आहे! हा धोका कोणी प्रत्यक्ष हाताळला आहे का?

द्विसंयुज लोह (Fe²⁺) तयार होऊन रोधकता (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) घसरू नये, म्हणून लोहाचे प्रमाण आम्ही मुद्दाम किंचित कमी ठेवले आहे. तरीही तुटलेली चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता, काही कण अवाजवी मोठे झालेले आणि छिद्रे कणांच्या कडेला नव्हे, तर पोटात अडकलेली दिसतात. अशा वेळी बिस्मथ ऑक्साइड घालून सिंटरिंगचे (भुकटी भाजून घट्ट करण्याचे) तापमान उतरवावे, की मिश्रण तेच ठेवून भट्टी अधिक सावकाश तापवावी? बिस्मथमुळे कण उलट अधिकच वाढतील, अशी मला शंका आहे. या पदार्थावर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. शक्य असल्यास भट्टीचे तापमान आणि वेळही कळवावी.