चार मिनिटांत दमसास दुप्पट? जरा थांबा

तलावकाठी: काल इथं एकानं लिहिलं, "तासभर पळणं म्हणजे वेळ वाया, रोज चार मिनिटं ताबाता करा, दमसास दुप्पट." राहवलं नाही म्हणून लिहितोय. वय ५२. आठ महिने सोलापूरच्या संभाजी तलावावर रोज ५० मिनिटं पळतोय, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं. अंथरुणात मोजलेली नाडी ८२ होती, आता ६४. जपानी संशोधक ताबातांचा १९९६चा प्रयोग वाचा तरी. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विसावा, असे सात-आठ फेरे, तेही तरण्या पोरांचे. त्या गटाकडूनही आठवड्यात एक दिवस अर्धा तास सलग सायकल मारून घेतली होती! हे कुणी सांगत नाही.

धोटा: काका, त्याच प्रयोगात आठवड्यात पाच दिवस तासभर सायकल मारणाऱ्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं तो आकडा) पाचनं वाढला, इंटरव्हलवाल्यांचा, म्हणजे जोर-विसावा फेरे करणाऱ्यांचा, सातनं. ते बरं गाळलंत. २००७चा नॉर्वेचा प्रयोग घ्या. चार मिनिटं कमाल नाडीच्या ९०-९५ टक्क्यांवर, तीन मिनिटं हळू, असं चारदा. आठवड्यात तीन दिवस, आठ आठवडे. वाढ ७.२ टक्के. ७० टक्क्यांवर ४५ मिनिटं पळणाऱ्यांत नाव घेण्यासारखी वाढ नाही. मी लूमवर बारा तास उभा असतो, ५० मिनिटं कुठून काढू?

तलावकाठी: ती पोरं आधीच तयारीची होती. कोरं शरीर संथ पळण्यानंही सुधारतं. मी गेल्या वर्षी थेट स्प्रिंटला हात घातला, तिसऱ्या दिवशी पोटरी धरली. तीन आठवडे जिना उतरताना कठडा सोडता येत नव्हता.

पार्क चौक: आधी सांगा, पळायचं कुठं? होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला की पावलागणिक धूळ. जोरात श्वास घ्यायचा म्हणजे तीच छातीत. एप्रिलात सात वाजताच ऊन चटके देतं, त्याच वेगाला नाडी जास्त पळते. मग तुमच्या टक्केवारीचं काय करायचं?

धोटा: धुळीचं इथं काय? विषय इंटरव्हलचा आहे.

गच्चीवरची: धुळीचा आणि पाण्याचा दोन्हीचा आहे. आमच्याकडे चार दिवसांनी नळ येतो, तोही पहाटे. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी पळणं नाही. हंडे, बॅरल, वरची टाकी. उरलेल्या दिवशी पाच वाजता बाहेर अंधार, बोळाच्या तोंडाशी कुत्री. बायकांनी ५० मिनिटं तलावावर पळावं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीतून निघून दाखवावं. मी तीन मजले जिना चढते, चार मिनिटं, मग गच्चीवर तीन मिनिटं फेऱ्या. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या फेरीलाच कठड्यावर बसले होते. आता चारही होतात.

पार्क चौक: जिन्यानं गुडघे जातात.

गच्चीवरची: उतरताना सावकाश उतरते. माझे गुडघे मला ठाऊक आहेत, तुम्ही तुमचे बघा.

तलावकाठी: ताई, तुमच्यावर बोललो नव्हतो. जिन्याचं मान्य, वेळ नसणाऱ्याला तोच मार्ग. पण "संथ पळणं वाया" हे मी मरेपर्यंत मानणार नाही. नवख्यानं पहिले दोन महिने तरी संथच करावं. पोटरी त्याची धरते, लिहिणाऱ्याची नाही.

धोटा: पहिल्या दोन महिन्यांचं ठीक. दुप्पट हा शब्दही चूक होता, तेवढं मान्य. रविवारी लूम बंद असतो, तलावावर येतो. पण ४० मिनिटंच. आणि शेवटची चार मिनिटं मी माझ्या वेगानं पळणार.

गच्चीवरची: उद्या पाण्याचा दिवस. बाकीचं परवा.