वायरलेस हेडफोन घ्यायचेत, आवाज आणि टिकाऊपणा नक्की कशावरून ओळखायचा?

नमस्कार मंडळी, वायरलेस हेडफोन घ्यायचेत आणि वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय, जाणकारांनी जरा मदत करा.

आधीचे पूर्ण कान झाकणारे होते. त्यांची डावी बाजू मध्येच गप्प व्हायची, नंतर बिजागरी सैल झाली, दुरुस्तीवाला म्हणाला की आतली वायर त्या बिजागरीतूनच जाते, ती तुटत आली असणार, नवीनच घ्या. म्हणून शोध सुरू केला तर प्रत्येक खोक्यावर तेच, ४० मिमी ड्रायव्हर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, एलडॅक, हाय-रेझ वगैरे वगैरे. सगळ्यांवर तेच लिहिलेलं असेल तर मग फरक कशात असतो? रिव्ह्यूमध्ये एक जण म्हणतो बेस दणदणीत, दुसरा म्हणतो त्याच मॉडेलला बेसच नाही, दोघांनी एकच वस्तू घेतली का असा प्रश्न पडतो.

वापर म्हणाल तर गाणी जास्त, त्यात गायन जास्त, आणि कामाच्या मिटिंगा. फोन आयफोन, लॅपटॉप विंडोज. चष्मा आहे. अजून एक, जुन्या हेडफोनवर गाणं चालू असताना मिटिंग जोडली की आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा व्हायचा आणि मिटिंग संपली की परत छान. तो पीसच खराब होता की नवीन घेतले तरी हेच होणार? आणि दुकानात पाच-दहा मिनिटं कानाला लावायला मिळतात तेवढ्यात काय तपासायचं?

कानसेन:
डबड्याचं आधी सांगतो, कारण तो दोष नाहीये आणि लोक त्यापायी चांगले हेडफोन परत करतात. साध्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची सोय वेगळी आणि फोनवर बोलायची वेगळी. पहिलीत आवाज फक्त एका दिशेने जातो, स्टिरिओ असतो, दर्जा चांगला असतो. हेडफोनचा माइक चालू झाला की लॅपटॉप दुसऱ्या सोयीवर उडी मारतो, तिथे आवाज मोनो आणि सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झ, म्हणजे टेलिफोनच झाला. उपाय फुकट आहे, मिटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत हे बरंच सुधारलंय पण ती हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे असावी लागते.

आयफोन असेल तर एलडॅकसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. एलडॅक हा एक कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी या दोनच कोडेकमध्ये पाठवतो, एलडॅक नाही आणि अ‍ॅपटेक्सही नाही. अँड्रॉइडवाल्यांनीही ९९० केबीपीएस (सेकंदाला किती डेटा जातो ते) बघून हुरळून जाऊ नये, तो वरचा आकडा आहे, सिग्नल खराब झाला की ६६० किंवा ३३० वर येतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, साइजवरून तर काहीच कळत नाही, आणि २० ते २० हजार हा साधारण माणसाच्या कानाचाच पल्ला आहे, त्यात कुठला भाग किती चढा किती उतरता हे खोक्यावर कुणी छापत नाही, आणि सगळी गंमत तिथेच असते.

दुकानात दोन हेडफोन तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा हो, हे सगळ्यात महत्त्वाचं. जरासा मोठा वाजणारा कानाला चांगलाच वाटतो, त्यात बरेच जण फसतात. ॲपमधला इक्वलायझर बंद करा. पाठ असलेलं गाणं स्वतःच्या फोनवरून लावा. स आणि श कानाला टोचतात का, डग्ग्याचा घुमारा ऐकू येतो की नुसतं धप धप, गाणारा माणूस समोर वाटतो की पडद्यामागे, आणि हळू आवाजात ऐकलं तरी शब्द कळतात का. टाळ्यांचा कडकडाट असलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग असेल तर तेही लावा, कोडेक कच्चा असेल तर टाळ्यांचं नुसतं फसफस होतं.

बेसवरून भांडणारे दोघेही खरं बोलत असू शकतात. गादी कानाभोवती नीट बसली नाही की बेस गळतो, नॉइज कॅन्सलेशनही अर्धवट होतं. तुमच्या चष्म्याची काडी नेमकी हेच करते, तेव्हा चष्मा घालूनच ट्राय करा, आणि थोडा वेळ तरी घाला म्हणजे दुखतं का तेही कळेल.

उघडून_बघणारा:
टिकाऊपणाबद्दल मी बोलतो. मोडतं काय तर बिजागरी, कानाच्या गाद्यांचं रेक्झिन, चार्जिंगचं भोक आणि शेवटी बॅटरी. घेण्याआधी एवढंच शोधा की त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का, बॅटरी बदलता येते का, आणि वायर लावायचा जॅक आहे का, म्हणजे बॅटरी गेली तरी निदान वायरवर वाजवता येतील (काही मॉडेल चार्ज असल्याशिवाय वायरवरही वाजत नाहीत, विचारून घ्या). कानात घालायच्या छोट्या बड्सची बॅटरी इवलीशी असते आणि बहुतेक वेळा सगळं चिकटवलेलं, म्हणून टिकाऊपणा हवा असेल तर माझं मत कान झाकणाऱ्यांनाच.

रिव्ह्यू वाचताना पहिल्या आठवड्यातले पाच तारे सोडून द्या. सहा महिने वर्ष वापरून परत येऊन लिहिलेले शोधा, आणि एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांची येते का बघा. एकाचा पीस खराब निघणं वेगळं आणि सगळ्यांची डावी बिजागरी तडकणं वेगळं. खोक्यावरचं आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील एवढंच, आणि तो एक्स म्हणजे धुळीची चाचणी दाखवलेली नाही.

आवाज तुटतो तेव्हा दर वेळी हेडफोनचा दोष नसतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथेच वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, आणि आपल्या शरीरातलं पाणी तो सिग्नल पितं. दुकानात फोन मागच्या खिशात ठेवून चार पावलं चालून बघा, तिथेच तुटत असेल तर नको.

धागाकर्ता:
बापरे, एवढी माहिती! माइकची ट्रिक आत्ताच जुन्यावर करून बघितली, गाणं तसंच्या तसं राहिलं. एक शेवटची शंका, एका खोक्यावर एएनसी आणि दुसऱ्यावर ईएनसी लिहिलंय, एकच ना?

कानसेन:
अजिबात नाही. एएनसी म्हणजे वर म्हटलेलं नॉइज कॅन्सलेशन, ते तुमच्या कानासाठी, पंखा, इंजिन असला एकसुरी घुं घुं आवाज कमी करतं, माणसांची बडबड तेवढी जात नाही. ईएनसी माइकसाठी असतं, समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून, तुम्हाला त्याने काडीचाही फरक पडत नाही. मिटिंगला लॅपटॉपचाच माइक वापरणार असाल तर ईएनसीकडे बघूही नका.