मुंबईहून लेहला गेल्यावर वजन दीड किलोने कसे घटले?

घाटवाट: मुंबईत माझे वजन ७२ किलो भरले होते. सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये आठवडाभर राहिल्यावर, सोबत नेलेल्या त्याच डिजिटल काट्यावर ते ७०.५ भरले. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी होते हे शाळेत शिकलो, पण इतके?

लंबक: इतके मुळीच नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि हे अंतर मुंबईतच सुमारे ६३७० किलोमीटर असल्यामुळे त्यात साडेतीन किलोमीटरची भर पडून होणारी घट जेमतेम ०.११ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत साधारण ८० ग्रॅम भरते. शिवाय मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि लेह ३४ अंशांवर. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे आणि परिवलनाचा परिणामही तिथेच सर्वाधिक असल्यामुळे उत्तरेकडे जाताना वजन किंचित वाढत जाते, आणि या दोन ठिकाणांमधली ही वाढही जवळजवळ ०.११ टक्केच निघते! १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या काय्येनला गेले, तेव्हा त्यांचे लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, ते याच कारणाने. तिथे डोंगर चढण्याचा प्रश्नच नव्हता.

पारडे: एक पुरवणी जोडतो. सराफाच्या दोन पारड्यांच्या तराजूवर हा फरक कधीच दिसणार नाही, कारण सोने आणि वजने दोन्ही सारख्याच प्रमाणात हलकी होतात. डिजिटल काटा मात्र बल मोजून ते किलोमध्ये दाखवतो; म्हणून अचूक काटे वापराच्या जागीच प्रमाणित वजन ठेवून जुळवून घेतात. घरगुती काटे बहुधा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवत असल्याने त्यांच्याकडून एवढ्या बारकाव्याची अपेक्षाच करू नये.

घाटवाट: मग दीड किलो गेले कुठे?

लंबक: बरेचसे पाणीच असावे. विरळ, कोरड्या हवेत श्वासोच्छ्वास वाढतो आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओलावा बाहेर पडतो, सुरुवातीच्या दिवसांत लघवीही जास्त होते, भूक मंदावते. काटा गालिच्यावर ठेवला नव्हता ना, हेही एकदा आठवून पाहा.

घाटवाट: फरशीवरच होता. परतल्यावर चौथ्या दिवशी तोच काटा ७१.७ दाखवतो आहे.