शब्दचर्चा : ‘आतला ड्रॅगन’ मराठीत कसा लिहावा?

प्रश्न

मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘आपल्या आतल्या ड्रॅगनला सामोरं जाणं’ ही कल्पना त्यात वारंवार येते. आधी ‘राक्षस’ लिहिलं, मग ‘अजगर’, एकदा ‘महासर्प’ही लिहून पाहिलं. एकही शब्द बसत नाहीये. ड्रॅगन पुराणकथांत आणि मानसशास्त्रात नेमका कशाचं प्रतीक आहे? आणि त्याच्या जवळ जाणारा शब्द आपल्याकडे आहे का?

उत्तर

‘राक्षस’ आधी बाजूला ठेवा. आपल्या कथांतल्या राक्षसाला कुळ असतं, राज्य असतं, तो तप करतो, वर मागतो, संसार करतो. ड्रॅगनचं कूळ सापाचं आहे. ‘अजगर’ या कुळातला खरा, पण मराठीत अजगर म्हटलं की सुस्ती आठवते. ‘अजगरासारखा पडून असतो’ हे आपण आळशी माणसाबद्दल म्हणतो. ड्रॅगनचा स्वभाव नेमका उलटा, तो अखंड जागा असतो.

हे जागेपण त्याच्या नावातच आहे. ग्रीक ‘द्राकोन’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि तो धातू आपल्या ‘दृश्’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे ‘दर्शन’, ‘दृष्टी’ आणि ‘ड्रॅगन’ एकाच घरातले. ड्रॅगन म्हणजे रोखून पाहणारा. ग्रीक कथांमध्ये त्याला कामही तसंच दिलेलं आहे. हेस्पेरिडिसच्या बागेतल्या सोन्याच्या सफरचंदांभोवती लाडोन नावाचा ड्रॅगन वेटोळं घालून असतो. कोल्खिसमधलं सोनेरी लोकरीचं कातडं राखणारा ड्रॅगन तर कधी झोपतच नाही. जादूगारीण मेडिआ त्याला गुंगी आणते, तेव्हा कुठे वीर जेसनच्या हाती ते कातडं लागतं.

त्यामुळे माझ्या मते ड्रॅगनचा गाभा ‘दुष्टपणा’ नाही, ‘अडवून धरणं’ हा आहे. तो काय अडवून बसलाय हे कळलं की त्याचा अर्थ उलगडतो.

आपल्याकडचं याचं सर्वांत जुनं रूप ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या ३२व्या सूक्तात आहे. इंद्राने अहीला, म्हणजे वृत्र नावाच्या सर्पाला, मारलं आणि पाणी मोकळं केलं, ही ती कथा. ‘वृत्र’ हे नाव ‘वृ’ धातूचं, म्हणजे झाकणारा, वेढणारा, अडवणारा. त्या सूक्तात कोंडलेल्या पाण्याला एक विशेषण आहे : ‘अहिगोपाः’. अही ज्यांचा राखणदार आहे अशी ती जलं. तुम्हाला हवी असलेली सगळी कल्पना या एका विशेषणात मावली आहे. आणि सूक्ताच्या शेवटाकडे असं काही येतं की मी दर वेळी तिथे थांबतो. वृत्र मेल्यानंतर ऋषी इंद्राला विचारतो : तू असा कोणाला पाहिलंस, की मारून झाल्यावर तुझ्या हृदयात भीती शिरली आणि घाबरलेल्या ससाण्यासारखा तू ९९ नद्या ओलांडून गेलास? जिंकलेल्या वीराच्या मनात विजयानंतर भीती शिरते, हे त्या कवीने टिपलं आहे. आतल्या लढाईवर लिहिणाऱ्या कोणीही ही ऋचा चुकवू नये.

आता उत्तरेकडच्या, नॉर्स परंपरेतल्या फाफ्निरकडे या. हा जन्माने ड्रॅगन नाही. सोन्यासाठी तो बापाला मारतो, सगळी संपत्ती घेऊन माळरानावर जातो, तिच्यावर पडून राहतो, आणि पडून राहता राहता ड्रॅगन होतो. सोनं त्याच्या काही उपयोगाचं नाही, तरी दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. सिगुर्ड हा वीर त्याच्या पाण्यावर जायच्या वाटेत खड्डा खणून लपतो आणि तो वरून सरपटत जाताना खालून तलवार खुपसतो. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. फाफ्निरचं काळीज भाजताना सिगुर्डचं बोट पोळतं, तो ते तोंडात घालतो, आणि ड्रॅगनचं रक्त जिभेला लागताच त्याला पाखरांची भाषा कळू लागते. फाफ्निरच्या ज्या भावाने, रेगिनने, त्याला या कामाला लावलं तोच दगा देणार आहे, हे पाखरंच सांगतात. खजिना मिळतो तो वेगळाच. खरी कमाई म्हणजे आजवर कानावर पडूनही न कळलेलं कळायला लागणं.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने हेच धागे उचलले. १९१२च्या आपल्या ग्रंथाची त्याने १९५२मध्ये पुन्हा मांडणी केली. तिच्यात ड्रॅगन हे नेणिवेच्या, म्हणजे अबोध मनाच्या, गिळून टाकणाऱ्या बाजूचं रूप आहे. जाणिवेचा ‘मी’ त्यातून सुटू पाहतो, ती सुटका म्हणजे वीराची लढाई. ड्रॅगनपाशी असलेल्या ठेव्याला तो ‘मिळायला अवघड असा ठेवा’ म्हणतो, आणि हा ठेवा म्हणजे माणसाचं स्वतःचं अजून न जगलेलं अंग. एरिक नॉयमन या त्याच्या शिष्याने १९४९मध्ये याचीच पायरीवार मांडणी केली. आधी स्वतःची शेपटी तोंडात धरलेला सर्प, जिथे आत-बाहेर असा भेदच नाही, आणि मग ड्रॅगनशी झुंज, जिथे ‘मी’ वेगळा होतो. या लिखाणात ‘गिळणारी आई’ हा शब्दप्रयोग येईल. तो नेणिवेच्या याच गिळणाऱ्या बाजूबद्दल आहे, तुमच्या-आमच्या घरातल्या आईबद्दल नाही, हे मराठीत स्पष्ट करून लिहा, नाहीतर वाचक भलतीकडेच जाईल.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा ड्रॅगन मात्र वेगळा. त्याच्या प्रत्येक सोनेरी खवल्यावर ‘तू हे केलंच पाहिजेस’ असं झळकत असतं. तिथे ड्रॅगन म्हणजे हजारो वर्षांच्या आज्ञांचं ओझं, आणि त्याच्यासमोर सिंह झालेलं मन म्हणतं, ‘मला हवं ते मी करेन’. तुमच्या लेखातला ड्रॅगन युंगचा की नीत्शेचा, हे आधी पाहून घ्या.

आणखी एक प्रश्न

पण चीनमध्ये ड्रॅगन शुभ मानतात ना? मग हा ‘अडवणारा’ अर्थ सगळीकडे कसा लागू होईल?

उत्तर

लागू होत नाही, तुमची शंका रास्त आहे. चिनी ‘लोंग’ हा पाऊस देणारा, नद्या-समुद्रांचा धनी. दुष्काळात ज्याची आळवणी करायची असा. पाच नख्यांचा लोंग ही सम्राटाची खूण होती. भूतानचा ‘द्रुक’ म्हणजे मेघगर्जनेचा ड्रॅगन, देशाचं तिथलं नावच ‘द्रुक युल’. या दोघांना युरोपच्या ड्रॅगनच्या ओळीत बसवणं ही भाषांतराने केलेली सोय आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा ‘नाग’साठी तिथल्या पंडितांनी ‘लोंग’ वापरला, म्हणून बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं चिनी नाव ‘लोंगशू’, शब्दशः ड्रॅगनवृक्ष. आपला जलाशयात राहणारा, पावसाशी नातं असलेला नाग त्यांना लोंगच्या जवळचा वाटला, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

एक समान दुवा मात्र आहे : पाणी. वृत्र पाणी कोंडतो, लोंग ते सोडतो. पण म्हणून ‘पूर्वेचा ड्रॅगन चांगला, पश्चिमेचा वाईट’ असं सरसकट लिहू नये. वृत्र पूर्वेचाच आहे, आणि वेल्सच्या झेंड्यावर लाल ड्रॅगन अभिमानाने उभा आहे.

आणखी एक प्रश्न

ही सगळी आदिम भीती नाही का? माकडांना सापाची उपजत धास्ती असते असं वाचलंय.

उत्तर

मानववंशशास्त्रज्ञ लिन इस्बेल यांनी २००६मध्ये मांडलं की प्रायमेट प्राण्यांची, म्हणजे माकडं, वानर आणि माणूस यांची, तीक्ष्ण नजर घडण्यामागे साप वेळीच ओळखण्याची गरज हे मोठं कारण असावं. ‘रोखून पाहणारा’ या अर्थाच्या नावाशेजारी हा विचार ठेवला की मला फार आनंद होतो. जीवाश्मांचाही हात आहे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टच्या कारंज्यावरच्या ड्रॅगनचं डोकं तिथे सापडलेल्या लोकरी गेंड्याच्या कवटीवरून घडवलं असं मानतात. पण भीतीतून फार तर ड्रॅगनचं रूप कळतं. त्याच्याखाली खजिना का असतो, याचं उत्तर भीतीत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

म्हणजे ‘ड्रॅगन’च ठेवू? आणि ‘ठार करणं’ हे क्रियापद चालेल?

उत्तर

‘ड्रॅगन’ ठेवा, तो शब्द मराठीत रुळला आहे. पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात त्याला आपली ओळख द्या. गुप्तधनावर बसलेला नाग मराठी वाचकाला माहीत असतो. स्वतः भोगत नाही, दुसऱ्याला देत नाही अशा माणसाला आपण ‘धनावरचा नाग’ म्हणतोच. फाफ्निर म्हणजे अगदी हाच. सगळीकडे ‘नाग’ मात्र करू नका, कारण आपला नाग पूजनीयही आहे आणि तो शब्द एकट्या राखणदारीपुरता उरणार नाही. ‘विळखा’ हा शब्द भरपूर वापरा, व्यसनापासून भूतकाळापर्यंत तो मनाच्या गोष्टींना आधीपासून लागतो.

‘ठार करणं’ सरसकट नको. संत जॉर्जच्या मध्ययुगीन कथेतसुद्धा ड्रॅगन आधी जखमी होतो, मग राजकन्या आपला कमरपट्टा त्याच्या गळ्यात बांधते आणि तो पाळीव कुत्र्यासारखा तिच्यामागून शहरात येतो. त्याला मारतात ते त्यानंतर. कृष्णही कालियाला मारत नाही, यमुनेचा डोह सोडून जायला लावतो. मूळ लेखकाने ‘सामोरं जाणं’ म्हटलं असेल तर तेच राहू द्या. जिथे तो खरोखर लढाईबद्दल बोलतो तिथे ‘झुंज’ लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

वाक्य असं केलंय : ‘प्रत्येकाच्या मनात, गुप्तधनावरच्या नागासारखा, एक ड्रॅगन राखण करत बसलेला असतो. त्याला सामोरं गेल्याशिवाय तो काय राखतोय हे कळत नाही.’

उत्तर

‘राखण करत’ऐवजी ‘अडवून’ करून पाहा आणि दुसऱ्या वाक्यात ‘राखतोय’ तसंच ठेवा. दोन्ही अर्थ येतील.