लढाऊ तुकडीत मुली: मोजायचं काय?

वैदर्भी: कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, पण नागपूरच्या मुलीला तिथे जवान म्हणून भरती होता येत नाही. पायदळ, रणगाडे, यांत्रिकी पायदळ (चिलखती गाड्यांतून लढणारं) अजून बंदच. लढाऊ वैमानिक म्हणून मुली 2016 पासून रुजू होताहेत, तोफखान्यात 2023 मध्ये महिला अधिकारी आल्या, मे 2025 मध्ये एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या. मग इथेच दार का अडवायचं? कामाची चाचणी घ्या, पास झाली ती आत.

कामठी रोड: ताई, तोफखान्याचा दाखला इथे लागू होत नाही. त्या अधिकारी आहेत. 155 मिमीचा गोळा 43 किलोच्या आसपास, तो उचलणारे जवान सगळे पुरुष. एकदा उचलणं अवघड नाही हो, फायर सुरू झाला की तासनतास तेच. गोळा नळीत हाताने ठासायची वेळ आली आणि जोर कमी पडला, तर गोळ्याची तांब्याची पट्टी नळीच्या आट्यांत घट्ट बसत नाही. नळी वर केली की गोळा मागे घसरतो.

यांत्रिकी पायदळाची चिलखती गाडी बीएमपी-2 बघा. चालक दल 3, मागे 7 जवान, मागचे दरवाजे अरुंद. जखमी 70 किलोचा, जॅकेट-हेल्मेट-मॅगझिन धरून 90 च्या घरात. वाकून, काखेत हात घालून ओढायचा.

वैदर्भी: मग हेच मोजा ना! 90 किलोचा पुतळा बीएमपीतून बाहेर काढायचा, गोळे ठरलेल्या वेळेत ट्रकवरून तोफेपर्यंत न्यायचे. मुलाला-मुलीला घड्याळ एकच. सरासरी मुलगी नापास होईल, मान्य. जी ओढू शकते तिला का थांबवायचं?

धंतोली फिजिओ: चाचणीआधीच मुली गळतात, त्यावर बोला. संचलनात उंच मुलं वेग ठरवतात, बुटकी मुलगी पाऊल ताणून चालते. ताण ओटीपोटाच्या हाडावर येतो आणि बारीक फ्रॅक्चर होतं. बुटक्यांना पुढे ठेवा, पाऊल ज्याचं त्याला ठरवू द्या, डांबरी रस्ता सोडून मातीवर पळवा. पाठीवर 10 किलोपासून सुरुवात करा, दर दोन आठवड्यांनी 2-3 किलो वाढवा. पिठ्ठूचा (पाठीवरच्या सैनिकी पिशवीचा) सांगाडा लांब असला तर कमरपट्टा मांडीवर उतरतो, सगळं वजन खांद्यावर येतं, नस दबून हात बधिर होतो. बधिर हाताने रायफल काय धरणार?

भरतीआधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (एनएफएचएस-5) देशात 15 ते 49 वयातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. आणि मैदानावर शौचालय नसलं की मुली पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात हे जिवावर बेततं.

कामठी रोड: शौचालय, पिठ्ठू, मातीचं मैदान, सगळं कबूल. पैसे खर्चले की होतं ते. माझी भीती वेगळी आहे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावणं आणि 7.26 किलोची गोळाफेक, मुलींना 800 मीटर आणि 4 किलो. लढाऊ जागा निघाल्या की हीच सवलत मागितली जाईल आणि त्याची किंमत बीएमपीतला जखमी मोजेल.

वैदर्भी: ती सवलत मीही मागणार नाही. पण मुलांनाही हाच पुतळा ओढायला लावा. आज सैन्यात 1.6 किलोमीटर पळून आणि बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) काढून जो भरती होतो, त्याला 90 किलो ओढता येतात का, हे भरतीच्या मैदानावर कोणी बघतं का?

कामठी रोड: नाही बघत. बघायला पाहिजे, ते बरोबर आहे.