शब्दचर्चा: शोधकाच्या कार्यक्षमतेचे 'अंशांकन' होते का?

जळगावहून, प्रश्न:
पदव्युत्तर वर्गासाठी क्ष-किरण टिपणाऱ्या शोधकांवरील (डिटेक्टर) प्रयोगपुस्तिका मी मराठीत करीत आहे. 'अर्धवाहक शोधकाच्या कार्यक्षमतेचे अंशांकन' असे एका प्रकरणाचे नाव लिहिले, तेव्हा मजकूर तपासणाऱ्या सरांनी 'अंशांकन' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात लिहिले, "अंश पट्टीवर असतात, कार्यक्षमतेवर नव्हे." कॅलिब्रेशनला मी हाच शब्द शिकले आहे. येथे काय लिहावे?

धुळ्याहून:
ताई, सरांचा आक्षेप रास्त आहे, कारण त्या एका इंग्रजी शब्दाखाली दोन निराळी कामे येतात. लोह-५५ च्या किरणोत्सारी स्रोताची ५.९ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा, म्हणजे त्या ठरावीक ऊर्जेचे किरण, आणि अमेरिसियम-२४१ ची ५९.५ ची रेषा कोणत्या वाहिनीत, म्हणजे मोजणी-अक्षावरील कोणत्या क्रमांकाच्या खणात, पडते हे पाहून आपण अक्षाला ऊर्जेचे आकडे देतो, ते खरे अंशांकन. कार्यक्षमतेसाठी मात्र स्रोतातून किती किरण निघाले हे आधी ठाऊक असावे लागते आणि त्यांपैकी शोधकाने किती टिपले ते मोजायचे असते. हे गुणोत्तर ऊर्जेगणिक बदलते, कारण कमी ऊर्जेचे किरण शोधकापुढच्या बेरिलियमच्या पातळ पडद्यात, म्हणजे खिडकीतच, शोषले जातात आणि जास्त ऊर्जेचे पातळ सिलिकॉनमधून आरपार निघून जातात. याला मी 'प्रमाणन' म्हणेन.

अमळनेरहून:
प्रमाणन म्हणजे दाखला देणे. चित्रपटांचे होते ते. आमच्या आडतीवर काटा पासिंगला जात असे, तेव्हा लोखंडी वजनाच्या बुडाच्या भोकातील शिशावर त्या वर्षाचा शिक्का ठोकलेला मी लहानपणी बोटाने चाचपून पाहत असे. ठाऊक वजन ठेवून काटा किती चुकतो हे पाहणे ती 'पडताळणी', आणि येथे स्रोत हेच वजन आहे.

भुसावळहून:
आबा, दाखला पटला, परंतु हे वजन घरी ठेवल्या ठेवल्या घटते. लोह-५५ चा अर्धायुष्यकाल सुमारे २.७ वर्षे आहे. मी शिकत असताना आम्ही स्रोताच्या तीन वर्षांपूर्वीच्या दाखल्यावरील सक्रियता, म्हणजे किरणोत्साराचा वेग, जशीच्या तशी धरली, म्हणून कार्यक्षमता अपेक्षेच्या निम्म्याहून कमी आली, आणि खिडकीआड बर्फ साचला असेल या समजुतीने दोन दिवस शोधक गरम करून पुन्हा थंड करण्यात घालवले. दाखल्यावरची तारीख कोणी वाचलीच नव्हती. असो, मला 'कार्यक्षमता' हाच शब्द खटकतो, कारण शोधक काम करीत नाही, टिपतो. 'टिपणांश' का नको?

नंदुरबारहून:
घडवलेला शब्द विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतील. हिंदीत 'दक्षता' रूढ आहे, तो घ्यावा.

धुळ्याहून:
मराठीत दक्षता म्हणजे सावधपणा. 'शोधकाची दक्षता ३० टक्के' हे वाचून आमच्या गावचा माणूस पहारेकरी झोपला असे समजेल.

जळगावहून, सराफ बाजारातून:
आमच्या टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढण्याच्या यंत्रात असाच सिलिकॉनचा शोधक असतो. तांब्याची रेषा ८ आणि सोन्याची ९.७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला येते. हे किरण अर्ध्या मिलिमीटरच्या सिलिकॉनमध्ये जवळजवळ सगळे थांबतात, परंतु चांदीच्या २२ च्या रेषेचे जेमतेम एक तृतीयांश. आलेखावरची या रेषांची नुसती शिखरे मोजली तर डागिन्यात चांदी कमी भरेल, म्हणून ज्याचा टंच ठाऊक आहे असा तुकडा ठेवून आम्ही 'यंत्र लावून घेतो', जसे घड्याळ लावतात. हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही.

अमळनेरहून:
उत्तम शब्द आहे. तुमच्याकडे 'कस' ही आहेच. तो कष् म्हणजे घासणे या धातूवरून आला आणि कसोटीही त्याच कुळातली. कार्यक्षमतेचा कस लावणे असे म्हटले तर काय बिघडते?

भुसावळहून:
कस लावल्याने पदार्थाचा गुण कळतो, दर ऊर्जेला कार्यक्षमता किती हे दाखवणारी वक्ररेषा त्यातून सूचित होत नाही.

जळगावहून, प्रश्नकर्ती:
ऊर्जेसाठी अंशांकन ठेवते, हे मान्य. शीर्षकात मात्र प्रमाणन, पडताळणी की लावणी?

धुळ्याहून:
लावणी नको, ताई. वर्गात हशा पिकेल. सराफदादा, टंच हा मूळचा टंक म्हणजे नाणे यावरूनच आला असावा, असे माझे ठाम मत आहे.

नंदुरबारहून:
नाना, आमच्या शिवारात ज्वारीचे कणीस दाण्यांनी 'टंच भरले' असे म्हणतात. सोन्याचा टंचही तोच. पूर्ण भरलेपणा हा त्याचा अर्थ, नाण्याचा संबंध मला मान्य नाही.